खुब्याचं कोटेड इम्प्लांट आणि भोवतालच्या हाडाची झीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुबा बदललेल्या माणसाचा दहा-बारा वर्षांनंतरचा एक्स-रे पाहिला की पुष्कळदा धातूचं इम्प्लांट जसंच्या तसं दिसतं, पण त्याच्याभोवतीचं हाड विरळ झालेलं असतं. हे का होतं, कोटिंगने, म्हणजे इम्प्लांटवर दिलेल्या थराने, त्यात काय साधतं आणि काय साधत नाही, हे रुग्ण, त्यांच्या घरची माणसं आणि बायोमेडिकल किंवा मेकॅनिकल शिकणारी मुलं नेहमी विचारतात. इथली उत्तरं डिझाइनच्या बाजूने दिली आहेत. तुमच्या पायाचा निर्णय मात्र तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.

इम्प्लांट बसवल्यावर हाड कमी होतं ते नेमकं कशामुळे?

याची कारणं तीन आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. पहिलं कारण शस्त्रक्रियाच. हाडाची पोकळी कोरली जाते, तिथला रक्तपुरवठा दुखावतो, आणि नंतरचे काही आठवडे पायावर पूर्ण भार पडत नाही. दुसरं कारण स्ट्रेस शिल्डिंग: भार धातू उचलतो, हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते हाड कमी करतं. तिसरं कारण कणांचं. सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवरून सुटलेले बारीक कण हाडापर्यंत पोचतात आणि तिथे हाड पोखरणारी प्रक्रिया सुरू होते.

यांतलं पहिलं बहुतेकदा आपोआप थांबतं. दुसरं साधारण पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत वेगाने होतं आणि मग मंदावतं. तिसरं उशिरा सुरू होतं, पण वाढतच जातं. म्हणून ‘हाड झिजलंय’ असं कुणी सांगितलं की आधी कुठे आणि कधीपासून, हे विचारायला हवं. उपाय त्यावर ठरतो.

स्ट्रेस शिल्डिंग जरा समजावून सांगाल का?

एका जुवाला एक तगडा आणि एक बारीक बैल जोडला, तर ओझं तगड्याच्या मानेवर जातं. मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवला की तसंच होतं. माणसाच्या मांडीच्या हाडाच्या कठीण कवचाची ताठरता साधारण १५ ते २० गिगापास्कल असते. टायटॅनियमच्या मिश्रधातूची ती ११० च्या आसपास आणि कोबाल्ट-क्रोमची २०० च्या वर. पूर्वी खुब्याच्या गोळ्यावरून मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात उतरणारा भार आता दांड्यातून खाली निघून जातो आणि टोकाजवळ हाडात शिरतो.

हाड ही जिवंत गोष्ट आहे. भार असेल तिथे ते घट्ट होतं, नसेल तिथे विरळ होतं, हे बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. त्यामुळे दांड्याच्या वरच्या बाजूला, विशेषतः आतल्या अंगाला, हाड पातळ होतं. टोकाजवळ मात्र ते कधीकधी जाड झालेलं दिसतं आणि काही रुग्णांना तिथेच मांडीत दुखतं.

फक्त धातूकडे पाहून चालत नाही. गोल भरीव दांड्याची वाकण्याविरुद्धची ताठरता त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. १२ मिलिमीटरऐवजी १५ मिलिमीटरचा दांडा घेतला तर तो जवळजवळ अडीच पट ताठ होतो. ज्यांची हाडाची पोकळी रुंद आणि कवच पातळ, त्यांना जाड दांडा लागतो. म्हणजे मुळात हाड कमी असलेल्यालाच सर्वांत ताठ इम्प्लांट बसतं. या विषयातली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट हीच आहे.

आणि कणांमुळे होणारी झीज?

आधुनिक खुबारोपण उभं केलं ते इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयातल्या जॉन चार्नली यांनी. खुब्याच्या खोबणीत बसवतात त्या वाट्या त्यांनी आधी टेफ्लॉनच्या वापरल्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि त्यांच्या भुग्याने भोवतालच्या ऊतींची वाईट अवस्था झाली. १९६२ मध्ये त्यांनी अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन घेतलं, आणि आजच्या बहुतेक वाट्यांच्या आतला थर त्याच घराण्यातला आहे.

पॉलिएथिलीनही झिजतं, फक्त हळू. त्याचे मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान कण शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात. ते पचत नाहीत, म्हणून त्या पेशी दाहाचे संदेश सोडत राहतात आणि त्या संदेशांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. सुरुवातीला या झिजेचा दोष इम्प्लांट हाडात पक्कं करायला वापरतात त्या सिमेंटला दिला गेला. पण सिमेंट न वापरलेल्या खुब्यांमध्येही तेच दिसायला लागलं, तेव्हा मुख्य गुन्हेगार पॉलिएथिलीनचे कण आहेत हे स्पष्ट झालं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्साराने रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफलेलं, म्हणजे क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन आलं आणि ही झीज खूपच कमी झाली. त्यामुळे आज डिझाइन करणाऱ्याचं लक्ष पुन्हा स्ट्रेस शिल्डिंगकडे वळलं आहे.

मग कोटिंग नेमकं काय करतं? हाड वाढवतं का?

कोटिंग म्हणजे इम्प्लांटला लावलेलं हाडाचं टॉनिक, असा समज फार पसरलेला आहे. खरं काम वेगळं आहे. कोटिंग जिथे असेल तिथे हाड इम्प्लांटला धरतं, आणि जिथे धरतं तिथून भार हाडात शिरतो. म्हणजे कोटिंग कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं हे ठरवताना आपण भाराचा रस्ता आखत असतो. कोणतं कोटिंग, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न ते कुठवर, हा आहे. जाहिरातींत दुसरा प्रश्न क्वचितच येतो.

त्याचं दुसरं काम अडवण्याचं. दांड्याच्या वरच्या भागाला चहूबाजूंनी कोटिंग असेल आणि तिथे हाड घट्ट बसलं, तर सांध्यातला द्रव आणि त्यातले कण खाली झिरपायला वाट उरत नाही. सुरुवातीच्या काही दांड्यांवर कोटिंगचे फक्त तुकडे बसवलेले होते, मधली पट्टी गुळगुळीत. त्या पट्टीवरून कण थेट टोकापर्यंत गेले आणि तिथलं हाड पोखरलं गेलं. पूर्ण वेढा घालणारं कोटिंग हा तिथून मिळालेला धडा.

कोटिंगचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने दोन: हाड ज्याच्या आत वाढतं ते आणि हाड ज्याच्यावर वाढतं ते.

आत वाढण्यासाठी सच्छिद्र थर लागतो. धातूचे बारीक मणी किंवा तारांची जाळी भट्टीत तापवून दांड्याला चिकटवतात. छिद्रं साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची असली की हाड आत शिरतं, त्यात रक्तवाहिन्या येतात आणि पकड बसते. वर वाढण्यासाठी खडबडीत केलेलं टायटॅनियम पुरतं, किंवा प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या, झोताने फवारलेला टायटॅनियमचा थर. हाड टायटॅनियमला थेट चिकटतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवर काम करताना दिसलं, आणि दातांच्या इम्प्लांटचं सगळं शास्त्र त्यावर उभं राहिलं.

तिसरं नाव नेहमी ऐकू येतं ते हायड्रॉक्सीअॅपॅटाइटचं. आपल्या हाडातलं खनिज याच जातीचं आहे, कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १.६७. लंडनमध्ये रोनाल्ड फरलाँग यांनी १९८५ मध्ये या लेपाचा दांडा रुग्णांत वापरायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या एका गटाने कोराइल हा दांडा आणला. त्याच्यावर १५५ मायक्रॉन जाडीचा हाच लेप वरपासून खालपर्यंत आहे आणि आजही जगभर तो बसवला जातो.

अलीकडे कोटिंग आणि गाभा यांतली सीमाच पुसली जाते आहे. टँटलम या धातूच्या सच्छिद्र रूपाची ताठरता ३ गिगापास्कलच्या आसपास असते, म्हणजे हाडाच्या आतल्या जाळीदार भागाला बरीच जवळची. थ्रीडी प्रिंटिंगने वाटीच्या पाठीवर हवी तशी जाळी धातूतच घडवता येते, वेगळा थर चिकटवावाच लागत नाही.

हाड कोटिंगमध्ये शिरलंच नाही तर?

तर मध्ये तंतुमय पडदा तयार होतो आणि इम्प्लांट सैल राहतं. हे बहुतांशी पहिल्या काही आठवड्यांतल्या हालचालीवर ठरतं. भार पडताना दांडा आणि हाड यांच्यात तीस-चाळीस मायक्रॉनांपर्यंत हालचाल असेल तर हाड तयार होतं. ती १५० मायक्रॉनच्या आसपास गेली की पडदा होतो. केसाची जाडी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मर्यादा किती बारीक आहे ते कळेल.

म्हणून सिमेंटशिवायचा दांडा पोकळीपेक्षा किंचित मोठा घेऊन ठोकून घट्ट बसवतात. डेन्मार्कच्या केल्ड सोबॅल यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दाखवलं की हायड्रॉक्सीअॅपॅटाइट असेल तर लहानशी फट किंवा थोडी जास्त हालचालही हाड भरून काढू शकतं. या लेपाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मला हाच वाटतो: तो सुरुवातीच्या नाजूक काळात चूक पोटात घालतो.

मग अख्ख्या दांड्याला कोटिंग करून टाकलं तर पकड आणखी चांगली नाही का होणार?

पकड होईल. अमेरिकेत चार्ल्स एंग यांनी जवळजवळ पूर्ण लांबीला सच्छिद्र थर असलेले कोबाल्ट-क्रोमचे दांडे बसवले आणि ते फार चांगले टिकले. पण एंग आणि डेनिस बोबिन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या निरीक्षणांत १३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दांड्यांभोवती वरचं हाड ठळकपणे कमी झालेलं होतं. ताठ धातू, जाड दांडा आणि खालपर्यंतची पकड एकत्र आली की भार वरच्या हाडाला वगळून जातो.

यावर रुळलेला उपाय म्हणजे टायटॅनियमचा, खाली निमुळता होत जाणारा दांडा आणि फक्त वरच्या भागाला कोटिंग. भार वरच हाडात उतरतो, खालचा भाग पकड न घेता नुसता दिशा देतो. आखूड दांडे हाच विचार पुढे नेतात.

‘मग कोराइल पूर्ण लेपाचा असूनही चालतो कसा?’ असं विद्यार्थी विचारतात आणि ते बरोबरच विचारतात. तिथे धातू टायटॅनियमचा आहे, आकार निमुळता आहे, आणि तो बसवताना पोकळीतला जाळीदार भाग कोरून काढण्याऐवजी दाबून घट्ट केला जातो. पातळ खनिजाचा थर आणि जाड सच्छिद्र धातूचा थर भाराच्या दृष्टीने एकसारखे वागत नाहीत. एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही तो यामुळे.

हाडाइतकाच लवचीक दांडा का बनवत नाहीत?

बनवले आहेत. १९७३ मध्ये स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट माथिस यांचा प्लॅस्टिकचा ‘आयसोइलॅस्टिक’ दांडा आला. कागदावर कल्पना निर्दोष होती: दांडा हाडासारखाच वाकेल, हाडाला त्याचा भार मिळेल. प्रत्यक्षात पुष्कळ दांडे सैल झाले.

कारण नेदरलँड्सच्या रिक हाउस्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर उलगडलं. दांडा लवचीक केला की हाडावरचा भार वाढतो खरा, पण दांडा आणि हाड यांच्या सीमेवर, विशेषतः वरच्या भागात, सरकवणारा ताणही वाढतो. हाड धरायच्या आतच सीमा हलायला लागते. ताठ दांडा सीमेला सांभाळतो आणि हाडाला उपाशी ठेवतो. लवचीक दांडा हाडाला खाऊ घालतो आणि सीमा मोडतो. खुब्याच्या डिझाइनची सगळी ओढाताण या एका जोडीत आहे, आणि कोटिंगची खरी किंमत इथे कळते: कोटिंगमुळे सीमा जितकी लवकर आणि जितकी मजबूत जुळेल, तितका दांडा लवचीक करण्याची मोकळीक मिळते.

पुढे एपॉक नावाच्या दांड्यात हेच केलं गेलं. आत कोबाल्ट-क्रोमचा बारीक गाभा, त्यावर पॉलिमरचा जाड थर आणि बाहेर टायटॅनियमच्या तारांची जाळी. त्याची पकड चांगली बसली आणि हाडही कमी गेलं. तरी तो बाजारात टिकला नाही. बनवायला सोपे असलेले निमुळते टायटॅनियम दांडे आधीच उत्तम चालत होते. मला त्याची हळहळ वाटते, कारण तरुण रुग्णांसाठी ती दिशा सोडून देण्यासारखी नव्हती.

हायड्रॉक्सीअॅपॅटाइटचा लेप विरघळतो, सुटतो असं वाचलं. खरं आहे का?

विरघळतो, हळूहळू. हाड खाणाऱ्या पेशीही तो खातात, जसं त्या खरं हाड खातात. तोपर्यंत हाड खालच्या खडबडीत धातूला धरलेलं असेल तर काही बिघडत नाही. म्हणूनच गुळगुळीत धातूवर हा लेप देणं मला पटत नाही. लेप गेल्यावर धरायला काही उरत नाही.

सुटण्याचा प्रश्न जाडीशी आणि फवारणीशी जोडलेला आहे. प्लाझ्माचा झोत हजारो अंश तापमानाचा असतो. त्यात काही खनिजाचं रूप बदलतं, काही भाग स्फटिक न होता काचेसारखा थिजतो, आणि तो भाग लवकर विरघळतो. थर फार जाड झाला तर तडकतो, फार पातळ झाला तर काम संपायच्या आत निघून जातो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार लेपाची धातूवरची चिकटण्याची ताकद किमान १५ मेगापास्कल लागते.

आता सर्वांत महत्त्वाचं. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीत, जिथे देशातल्या खुबारोपणांची नोंद ठेवतात, एकच दांडा लेपासह आणि लेपाशिवाय बसवलेल्या हजारो रुग्णांची तुलना झाली, आणि टिकण्यात फरक दिसला नाही. वाट्यांच्या बाबतीत तर लेप असलेल्यांचा निकाल काहीसा वाईटच आला. म्हणजे चांगल्या आकाराच्या, नीट ठोकून बसवलेल्या दांड्याला लेपाची मदत फारशी लागत नाही. ‘कोटेड आहे म्हणून महाग, महाग आहे म्हणून चांगलं’ या साखळीला काही आधार नाही.

औषध भरलेलं कोटिंग येतंय म्हणे?

प्रयोगशाळांत बरंच काही चाललंय. हाडाची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं गोळी किंवा इंजेक्शनाने दिली तर इम्प्लांटभोवतीचं हाड कमी जातं, हे रुग्णांत दिसलं आहे. मग तेच औषध लेपातून थेट जागेवर द्यायचं, ही स्वाभाविक पुढची पायरी. अमेरिकेतल्या एमआयटीत पॉला हॅमंड यांच्या प्रयोगशाळेत नॅनोमीटर जाडीचे थर एकावर एक चढवून त्यातून हाड वाढवणारी प्रथिनं आठवडे न् आठवडे सोडण्याचं काम झालं. चांदीचा लेप जंतुसंसर्ग रोखण्यासाठी कर्करोगानंतर बसवायच्या मोठ्या इम्प्लांटांवर वापरात आहे.

पण नेहमीच्या खुबारोपणात औषधी कोटिंग अजून रोजच्या वापरात नाही. हाड वाढवणारं प्रथिन जास्त झालं तर नको तिथे हाड होतं, आणि शरीरात एकदा ठोकलेला लेप परत काढून घेता येत नाही.

डिझाइन बरोबर आहे हे कसं तपासतात?

आधी संगणकावर: सीटी स्कॅनवरून हाडाचं मॉडेल, त्यात दांडा, चालण्याचा आणि जिना चढण्याचा भार, आणि महिन्यागणिक हाड कुठे कमी होईल याचा अंदाज. मग यंत्रावर. दांडा ठरावीक कोनात रोवून त्यावर २३०० न्यूटनपर्यंतचा भार ५० लाख वेळा देतात. इथे कोटिंगची एक छुपी किंमत वसूल होते. मणी चिकटवण्यासाठी टायटॅनियम तापवलं की, आणि मण्यांच्या सांध्यांत ताण एकवटला की, धातूची थकव्याविरुद्धची ताकद बरीच उतरते. म्हणून चांगला डिझायनर ताण ओढणाऱ्या बाहेरच्या बाजूला मणी लावताना दहादा विचार करतो.

शेवटी माणसांत. दांड्याभोवतालचं हाड सात भागांत वाटून, ज्यांना १९७९ पासून ग्रुएन झोन म्हणतात, प्रत्येक भागाची घनता डेक्सा स्कॅनने मोजतात. सातवा भाग, म्हणजे वरची आतली बाजू, बहुधा सर्वाधिक हाड गमावतो. एखाद्या कंपनीचं माहितीपत्रक फक्त सरासरी देत असेल, तर सातव्या भागाचा आकडा मागा.

आपल्याकडच्या रुग्णांसाठी काही वेगळं आहे का?

वय. पाश्चात्त्य देशांत खुबा बहुतेकदा उतारवयातल्या सांधेझिजेमुळे बदलतात. भारतात गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो ढासळल्याने तिशी-चाळिशीत शस्त्रक्रिया होणारे पुष्कळ असतात. कोविडच्या उपचारात स्टिरॉइड घेतलेल्या तरुणांत हा आजार दिसल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. पस्तिशीत बसवलेला खुबा आयुष्यात एकदा तरी बदलावा लागण्याची शक्यता खरी असते, आणि तेव्हा हाड किती उरलं आहे यावर सगळं अवलंबून राहतं. अशा रुग्णाला हाड राखणारं डिझाइन ही चैन नाही.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या, ठिसूळ हाडांच्या आजीसाठी गणित उलटं होतं. दांडा ठोकून बसवताना किंवा नंतर लवकरच हाड मोडण्याचा धोका सिमेंटशिवायच्या दांड्यांत जास्त असतो. तिथे सिमेंटचा साधा दांडा मागासलेला नाही, बहुधा तोच योग्य आहे.

एक्स-रेमध्ये वरचं हाड कमी दिसतंय, पण दुखत काहीच नाही. घाबरायचं का?

बहुधा नाही. वरची कड गोलसर होणं, हाड थोडं विरळ होणं, हे पुष्कळदा दांडा खाली पक्का धरला असल्याचंच चिन्ह असतं. सैल दांड्याभोवती भार बदलत राहतो आणि चित्र वेगळं दिसतं. पण हाडात फुग्यासारखी पोकळी दिसत असेल, ती दरवर्षी वाढत असेल, उठून पहिली पावलं टाकताना मांडीत किंवा जांघेत कळ येत असेल, पाय आखूड वाटत असेल, तर थांबू नका. कणांमुळे होणारी झीज बराच काळ न दुखता वाढते, म्हणून बरं वाटत असलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले नियमित एक्स-रे चुकवू नका.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काय विचारावं, काय जपावं?

दांडा कोणत्या धातूचा, कोटिंग कुठवर, आणि हे मॉडेल कोणत्याही राष्ट्रीय नोंदवहीत किमान दहा वर्षांच्या निकालासह आहे का, एवढं विचारा. नवं आहे म्हणून घेऊ नका.

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर मागून घ्या. त्यांवर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक असतो. २०१० मध्ये डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा सांधा जगभरातून परत मागवला गेला, तेव्हा भारतात तो बसवलेल्या अनेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. स्टिकरचा फोटो घरातल्या दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा. इम्प्लांटबद्दल काही विपरीत घडलं तर ते मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया या वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमाकडे नोंदवता येतं. तो २०१५ मध्ये सुरू झाला, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो, आणि तिथे रुग्ण स्वतःही तक्रार देऊ शकतो.